पिट्सफिल्डचे पशुप्रदर्शन : शाळेबाहेरच्या कृषिशिक्षणाचा इतिहास

जनावरांचा बाजार आणि कृषी प्रदर्शन या दोन गोष्टी आपल्याकडे बहुधा एकाच मैदानावर भरतात, त्यामुळे त्या एकच आहेत असा आपला समज होतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, उंट, गाढवे, बैल विक्रीला येतात आणि त्याच यात्रेत लाल कंधारी व देवणी जनावरांना बक्षिसेही दिली जातात. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला मेळा मुळात पशुमेळाच होता. आता तेथे मोटारगाड्याही विकल्या जातात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या दोहोंत फरक करणे अगत्याचे आहे. बाजारात जनावर विकण्यासाठी आणले जाते. प्रदर्शनात ते शेजाऱ्याच्या जनावराशेजारी उभे करण्यासाठी आणले जाते. तेथे परीक्षक असतो, निकष असतो, बक्षीस असते; आणि हरलेला शेतकरी आपले जनावर घेऊन घरी परतताना मनात काही हिशेब करत असतो. बाजार फार प्राचीन आहे. प्रदर्शन त्या मानाने अगदी अलीकडचे, म्हणजे सव्वादोनशे वर्षांच्या आसपासचे.

आजच्या अर्थाने दरवर्षी भरणारे, आम शेतकऱ्यांचे कृषी प्रदर्शन कसे आकाराला आले, याचा विचार करताना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या पिट्सफिल्ड या गावाकडे वळावे लागते. बर्कशायर परगण्यातील हे डोंगराळ भागातले गाव १८१० च्या सुमारास अडीच-पावणेतीन हजार वस्तीचे होते. आपल्याकडच्या एखाद्या आठवडी बाजाराच्या गावाएवढे. येथे जे घडले त्याकडे कृषीच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याकडे शिक्षणाचा एक प्रयोग म्हणून पाहिले आहे, कारण ज्यांच्या वर्गात शेतकऱ्यांची मुले बसतात त्यांना या प्रयोगातील यश आणि अपयश दोन्ही उपयोगी पडतील.

पार्श्वभूमी

शेती सुधारली पाहिजे हा विचार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील जमीनदारांमध्ये बळावला होता. वोबर्न येथे बेडफर्डचे ड्यूक आणि हॉलकम येथे नॉरफोकचे थॉमस कोक दरवर्षी मेंढ्यांच्या लोकर कातरणीच्या हंगामात पाहुणे बोलवीत, जनावरे दाखवीत, मेजवान्या देत. अमेरिकेत त्याचे अनुकरण झाले. फिलाडेल्फियाची कृषी संस्था १७८५ ची आणि बोस्टनची १७९२ ची. या संस्थांचे सभासद वकील, व्यापारी, डॉक्टर, राजकारणी होते. ते निबंध छापत, उत्तम निबंधाला पदके देत आणि ते निबंध शेतकऱ्यांनी वाचावेत अशी अपेक्षा करीत. शेतकरी ते वाचत नसत. त्यावर सभासदांचा निष्कर्ष असा की शेतकरी सनातनी आणि आळशी आहे. हा निष्कर्ष आपल्याकडच्या सुधारणा-साहित्यातही वारंवार भेटतो, म्हणून त्याची येथे मुद्दाम नोंद केली. पुस्तकातून शेती शिकणाऱ्याला पीक बुडाल्यावर पोट भरण्याची चिंता नसते आणि शेतकऱ्याला असते, एवढी साधी गोष्ट या विद्वान मंडळींच्या ध्यानात आली नाही.

एल्काना वॉटसन (१७५८-१८४२) हा गृहस्थही शेतकरी नव्हता. प्लिमथमध्ये जन्मलेला हा मनुष्य १७७९ मध्ये फ्रान्समध्ये बेंजामिन फ्रँकलिनकडे कागदपत्रे घेऊन गेला, नांत येथे व्यापार केला, त्यात बुडाला, पुढे ऑल्बनीला बँक आणि कालव्यांच्या उद्योगात पडला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १८०७ मध्ये, पिट्सफिल्डजवळ शेत घेऊन राहिला. त्याने मेरिनो जातीच्या मेंढ्या आणल्या होत्या.

मेरिनोबद्दल येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. तलम लोकरीची ही जात स्पेनची. तिचे नाव उत्तर आफ्रिकेतील बनू मरीन या बर्बर घराण्यावरून पडले असे एक मत आहे, पण ते सर्वमान्य नाही. मात्र मुस्लिम स्पेनमध्ये शेती आणि पशुपालन यांवर गंभीर ग्रंथरचना होत होती, याबद्दल शंका नाही. सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वाम याचा ‘किताब अल्-फिलाहा’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ १८०२ मध्ये माद्रिदला स्पॅनिश भाषांतरासह छापला गेला, तो सहाशे वर्षांनंतरही शेतकऱ्यांच्या उपयोगाचा आहे अशा समजुतीने. स्पेनच्या राजांनी मेरिनोच्या निर्यातीवर दीर्घकाळ बंदी घातली होती. नेपोलियनच्या आक्रमणाने ती व्यवस्था कोसळली, कळप विकले गेले आणि १८१०-११ या काळात वीस हजारांच्या आसपास मेरिनो अमेरिकेत उतरल्या. त्याआधीच १८०७ च्या व्यापारबंदीमुळे इंग्लंडचे कापड येणे अवघड झाले होते. देशी लोकरीला एकदम किंमत आली. एकेका मेंढ्यासाठी हजार डॉलर मोजले गेल्याची उदाहरणे आहेत. १८१५ मध्ये युद्ध संपून इंग्रजी कापड पुन्हा आले तेव्हा हाच भाव मातीमोल झाला.

झाडाखालची जोडी

१८०७ च्या शरद ऋतूत वॉटसनने आपल्या मेरिनोंची एक जोडी गावच्या चौकातील मोठ्या एल्म वृक्षाखाली नेऊन बांधली आणि लोकांना पाहायला बोलावले. एवढेच. भाषण नाही, पत्रक नाही. बरीच माणसे जमली; स्त्रियाही आल्या. लोकांनी लोकरीत बोटे घालून पाहिली. वॉटसनने नंतर लिहिले आहे की दोन जनावरे पाहायला एवढे लोक येतात तर मोठ्या संख्येने जनावरे आणली तर किती येतील, असा विचार त्याच्या मनात आला.

हा वृत्तांत आपल्याला मुख्यतः वॉटसनच्याच लेखणीतून मिळतो. १८२० मध्ये त्याने ‘बर्कशायर पद्धती’च्या कृषी संस्थांचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्याच्या आठवणी मुलाने १८५६ मध्ये छापल्या. आपण काही थोर केले आहे याची त्याला पुरेपूर जाणीव होती, म्हणून त्याच्या शब्दांना थोडी कात्री लावून वाचावे लागते. वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउन येथे कोलंबियन कृषी संस्थेने मे १८१० मध्ये, म्हणजे वॉटसनच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाच्या काही महिने आधीच, प्रदर्शन भरवले होते. ‘पहिले’ हा मान त्यामुळे वादाचा आहे. परंतु जॉर्जटाउनचे प्रदर्शन प्रतिष्ठितांचे होते आणि दोन-तीन वर्षांतच ते बंद पडले. पिट्सफिल्डचे टिकले. का टिकले हा खरा प्रश्न आहे.

ऑक्टोबर १८१० मध्ये वॉटसनने शेजारच्या शेतकऱ्यांच्या सह्यांनी आवाहन काढून पशुप्रदर्शन भरवले. पुढच्या वर्षी बर्कशायर कृषी संस्था रीतसर स्थापन झाली. १८११ च्या प्रदर्शनात मिरवणूक निघाली. साठ बैलजोड्या एकमेकींना साखळीने जोडून त्यांना एकच नांगर जुंपला होता आणि त्या नांगराची रुमणी परगण्यातील अतिवृद्ध शेतकऱ्यांच्या हाती दिली होती. मागे बैलांनी ओढलेल्या एका मोठ्या गाड्यावर माग आणि सूतकताईचे यंत्र मांडलेले, आणि गाडा चालत असताना कारागीर त्यावर काम करीत होते. यॉर्कशायरमधून आलेला आर्थर स्कोलफिल्ड हा लोकर पिंजण्याची यंत्रे बनविणारा कारागीर याच गावात राहत होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या गाड्याचा अर्थ कळतो. मेंढी, पिंजण, चरखा, माग ही सगळी साखळी एकाच रस्त्यावरून लोकांच्या डोळ्यांदेखत गेली. संस्थेचे सभासद टोपीत गव्हाच्या लोंब्या खोवून चालत होते. याला कोणी तमाशा म्हणेल. वॉटसनला तमाशाच हवा होता. माणूस डोळ्यांनी शिकतो आणि गर्दीत शिकतो, हे त्याने बोस्टनच्या विद्वानांपेक्षा नीट ओळखले होते.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या वेळी पिट्सफिल्ड हे दुभंगलेले गाव होते. फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन या पक्षांचे वैर इतके टोकाला गेले होते की १८०९ मध्ये गावच्या चर्चची दोन शकले झाली. एका पक्षाच्या लोकांनी आपले वेगळे चर्च केले. ती १८१७ मध्ये पुन्हा एकत्र आली. म्हणजे प्रदर्शनाची पहिली सहा-सात वर्षे ही एकाच गावातील माणसे प्रार्थनेलाही एकत्र बसत नव्हती त्या काळातली आहेत. प्रदर्शनाच्या रांगेत मात्र दोन्ही पक्षांचे बैल शेजारी शेजारी उभे राहिले. बैलाला पक्ष नसतो. प्रदर्शनाने गाव जोडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण जेथे भांडण न काढता एकत्र येता येईल अशी जागा त्या गावाला हवी होती, आणि ती मिळाली, एवढे म्हणता येते.

स्त्रियांचा विभाग

जानेवारी १८१३ मध्ये वॉटसनने घरी कातलेल्या-विणलेल्या कापडाचे प्रदर्शन ठेवले आणि स्त्रियांसाठी चांदीच्या वस्तूंची बक्षिसे जाहीर केली. दिवस उजाडला. माल मांडला गेला, सभागृह तयार होते, पण एकही स्त्री पुढे येईना. चारचौघांत आपले नाव पुकारले जाणार, आपण केलेल्या कामाला पुरुष परीक्षक चांगले-वाईट म्हणणार, हे त्या काळच्या ग्रामीण स्त्रीला रुचणारे नव्हते. शेवटी वॉटसनने आपल्या पत्नीला आणून सभागृहात बसवले आणि गावात माणसे धाडली की बाई येऊन बसल्या आहेत, आपणही यावे. मग स्त्रिया येऊ लागल्या आणि सभागृह भरले.

ज्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालविले आहेत त्यांना या प्रसंगात काही नवे वाटणार नाही. दार उघडे ठेवणे आणि आत बोलावणे यांत फरक असतो. बक्षीस चांदीच्या वस्तूचे होते याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे आणि कमाईचे हक्क कायद्याने स्पष्ट झाले ते १८५५ मध्ये. त्यापूर्वी तिच्या हाती आलेला पैसा पतीचा समजला जाई. चांदीचा चमचा कायद्याच्या नजरेत फार वेगळा नव्हता, पण तो फडताळात राहतो, पाहुण्यांना दाखवता येतो, मुलीला देता येतो. वॉटसनने इतका विचार केला होता की नाही हे गौण आहे. स्त्रियांचा विभाग पुढे प्रत्येक प्रदर्शनाचा कायम भाग झाला. लोणी, चीज, लोकरी कापड, गोधड्या यांच्यावाचून अमेरिकेत गावचे प्रदर्शन ही कल्पनाच करता येत नाही.

प्रसार आणि ओहोटी

१८१६ मध्ये बोस्टनच्या संस्थेनेही ब्रायटनला पशुप्रदर्शन सुरू केले. निबंधवाल्यांनी अखेर जनावरे बांधली. त्याच सुमारास वॉटसन ऑल्बनीला परतला आणि न्यूयॉर्क राज्यात प्रचार करू लागला. १८१९ मध्ये तेथील विधिमंडळाने परगण्यांच्या कृषी संस्थांसाठी वर्षाला दहा हजार डॉलर मंजूर केले. अट अशी की संस्थेने स्वतः जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच मदत मिळावी. संस्था भराभर निघाल्या. काही वर्षांत ही मदत थांबली आणि संस्था तितक्याच वेगाने बंद पडल्या. अनुदानावर उभ्या राहिलेल्या संस्थांचे भवितव्य आपल्या वाचकांना सांगायला नको. न्यूयॉर्कमध्ये पुन्हा जोर आला तो १८४१ मध्ये, जेव्हा सिराक्यूजला पहिले राज्य प्रदर्शन भरले. बर्कशायरचे प्रदर्शन मात्र मधल्या काळातही दरवर्षी भरत राहिले.

या काळात प्रदर्शनात एक महत्त्वाची सुधारणा झाली. प्रदर्शनात आणलेले जनावर वर्षभर घरच्या इतर जनावरांच्या वाट्याचे खाऊन पुष्ट झालेले असते, आणि बक्षीस त्यालाच मिळते, ही तक्रार फार लवकर सुरू झाली होती. त्यावर उपाय म्हणून परीक्षकांची समिती उन्हाळ्यात शेतोशेत फिरून उभी पिके पाहू लागली. जुलै १८५० मध्ये अशा एका फेरीत रॉबर्ट मेलव्हिल यांच्यासोबत त्यांचा चुलतभाऊ, कादंबरीकार हर्मन मेलव्हिल, गेला होता. त्या वर्षीचा समितीचा अहवाल रॉबर्टच्या नावाने छापला गेला असला तरी तो हर्मननेच गमतीने लिहून दिला असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. नांगरटीच्या स्पर्धांनीही मोठे काम केले. लोखंडी नांगराने जमिनीत विष बाधते अशी भीती अनेकांना वाटत होती. ती पत्रके वाचून गेली नाही. लाकडी आणि लोखंडी नांगर एकाच रानात चालताना पाहून गेली.

प्रदर्शनाचे व्यासपीठ हे गावाचे व्याख्यानपीठही झाले. कॉन्कर्ड या छोट्या गावी मिडलसेक्स कृषी संस्थेच्या वार्षिक पशुप्रदर्शनात २० सप्टेंबर १८६० रोजी हेन्री डेव्हिड थोरो याने जंगलात एका जातीच्या झाडांनंतर दुसऱ्या जातीची झाडे का येतात यावर व्याख्यान दिले. पाइनचे वन तोडले की ओक का उगवतात, तर खारी आणि पक्षी बिया नेऊन पुरतात म्हणून, हे त्याने स्वतःच्या निरीक्षणातून मांडले. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात या व्याख्यानाला स्थान आहे. ते कोणत्या विद्यापीठात दिले गेले नाही, बैल आणि भोपळे यांच्यामध्ये उभे राहून शेतकऱ्यांसमोर दिले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १८५९ रोजी, अब्राहम लिंकन मिलवॉकी येथे विस्कॉन्सिनच्या राज्य प्रदर्शनात बोलला. शेतमजुरीचे श्रम आणि शिक्षण यांची फारकत होऊ नये, हा त्या भाषणाचा गाभा होता. १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष या नात्याने त्याने मॉरिल कायद्यावर सही केली आणि त्या कायद्याने मिळालेल्या जमिनींच्या विक्रीतून आलेल्या पैशावर राज्याराज्यांत कृषी महाविद्यालये उभी राहिली.

येथपासून प्रदर्शनाचे शैक्षणिक महत्त्व उतरणीला लागले, असे माझे मत आहे. याची दोन कारणे आहेत. ज्ञान आता महाविद्यालयाकडे गेले; आणि मैदानावर घोडे आले. दुडक्या चालीच्या घोड्यांच्या शर्यतींना गर्दी होई, तिकीट लावता येई, संस्थेचे कर्ज फिटे. त्यामुळे गोल धावपट्टी मध्यभागी आली आणि मेंढ्यांचे गोठे कुंपणाकडे सरकले. वॉटसनने तमाशाला शिक्षणाच्या दारात आणले होते. अर्धशतकानंतर तमाशानेच घर व्यापले. १८०७ चा तो एल्म वृक्षही १८६४ मध्ये पाडावा लागला.

मॉरिल कायद्याच्या महाविद्यालयांचा नमुना पुढे भारताच्या कृषी विद्यापीठांनी घेतला, त्याची सुरुवात १९६० मध्ये पंतनगरपासून झाली. त्याच सुमारास अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते आणि डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर त्याच्या उद्घाटनाला हजर होते. डॉ. देशमुखांचे नाव लाभलेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची ‘शिवार फेरी’ विदर्भातील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. उभे पीक रानात जाऊन पाहायचे, ही जुन्या समित्यांची पद्धत आपल्याकडे तेथे दिसते.

मैदानाबाहेर राहिलेले

एका प्रश्नाला अद्याप हात घातलेला नाही. प्रदर्शनात कोण येत असे? ज्याच्याजवळ दाखवण्याजोगे जनावर आहे तो. ज्याला दोन दिवस काम सोडता येते तो. बक्षिसांच्या याद्यांत सधन शेतकऱ्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात ही तक्रार त्या काळीही होत होती, आणि ती खोटी नव्हती. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कुळ म्हणून राबणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला तर ना जमीन ना बैल. दुकानदाराच्या उधारीवर कापूस पिकवणाऱ्या या माणसाने प्रदर्शनात काय मांडावे? गोऱ्यांच्या प्रदर्शनात त्याला सन्मानाची जागाही नव्हती.

१८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुरू केलेल्या संस्थेने १८९२ पासून वार्षिक शेतकरी परिषद भरवली. पाऊणशे माणसे येतील असा अंदाज होता. चारशेच्या घरात आली. त्यांना कोणी भाषण ऐकवले नाही. तुमच्या गावात किती जणांची जमीन स्वतःची आहे, किती जण उधारीत आहेत, शाळा किती महिने चालते, असे साधे प्रश्न विचारून त्यांनाच बोलते केले. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेथे शिकवायला आले. जो शेतकरी येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत प्रदर्शनच गेले पाहिजे हे त्यांनी ओळखले. मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या सावकाराने दिलेल्या पैशातून एक गाडा तयार झाला आणि मे १९०६ मध्ये तो खेड्यांच्या वाटेला लागला. त्यात नांगर होते, कोळपी होती, बियाणे होते, दूध तपासण्याचे साधन, साय काढण्याचे यंत्र आणि लोणी घुसळण्याचे फिरते भांडे होते. गाडा एखाद्या कुळाच्या झोपडीपुढे थांबे, शेजारीपाजारी जमत, आणि त्याच्याच रानात नांगर चालवून दाखवला जाई. त्याच वर्षी थॉमस कँपबेल यांची त्या गाड्यावर नेमणूक झाली. केंद्रीय कृषी खात्याने नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय कृषी मार्गदर्शक. त्या गाड्यात बक्षिसे नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नाहीत.